अंब्रोस टिंडल यांनी दक्षिणद्वीपास मुख दाखविले ती हकीकत

श्रीरंगभूमीचे पायी मस्तक ठेवून, हसविणार व हसणार उभयतांचे कल्याण चिंतून, जाणत्यांनी पुसिले म्हणोन हे वर्तमान लिहिले असे. शके अठराशे पंच्याहत्तर, विजयनाम संवत्सर, आश्विनमास. ते समयी पश्चिमसमुद्रात टोपीकरांचे एक राज्य होते, आणि तेथे समुद्रकाठच्या एका गावी उन्हाळी नाटकमंडळीत अंब्रोस टिंडल म्हणोन नट चाकरीस होते, वय एकोणतीस. रूप म्हणावे तर कान मोठे, हनुवटी नाहीच, आणि भिवया अशा की एक वर चढली म्हणजे दुसरी तिला शोधू लागे. नायकाचे काम त्यांस कोणी दिले नाही. बहिरा पाद्री, रागीट फौजदार, दारात अडखळणारा पाहुणा, ऐशी कामे वाटणीस येत, आणि ते रंगभूमीवर येऊन नुसती टोपी काढीत तो लोक हसू लागत. घरी स्त्री हेस्तरबाई आणि कन्या नेल, वय पाच वर्षे. त्या वर्षी हेस्तरबाईंचे बंधूंचे दक्षिणद्वीपाहून पत्र आले की, इकडे जमीन बहुत, ऊन बहुत, माणूस थोडे, तरी सहकुटुंब निघून यावे. हेस्तरबाईंनी जहाजात तिघांची जागा धरिली, आणि मग त्याच आठवड्यात टिंडलांस राजधानीच्या नाटकगृहाचे बोलावणे आले, बहिऱ्या पाद्र्याचे काम, मुदत तीन महिने. टिंडल बोलिले, "तुम्ही पुढे व्हा. एवढे उरकून मी मागून येतो." हेस्तरबाईंनी त्यांचेकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "तुम्ही येणार असे मी नेलला सांगेन. स्वतःला मात्र सांगणार नाही." मग जहाज सुटले, आणि टिंडल धक्क्यावर उभे राहून मुलीस भिवई उडवून दाखवीत राहिले, आणि मूल हसत हसत दिसेनासे जाहले.

तीन महिन्यांचे वर्ष जाहले, आणि वर्षाची चार जाहली. दर खेपेस नवे नाटक उभे राही आणि टिंडल लिहीत की, एवढे संपले की निघतो. पाचवे वर्षी हेस्तरबाईंचे पत्र आले. त्यात मजकूर की, येथे ह्यू म्हणोन सुतार आहे, भला माणूस, त्याशी मी संसार मांडिला, नेल त्यास बाबा म्हणते, तुमचा चेहरा ती विसरली, तरी आता येऊ नये, पत्रही धाडू नये, मुलीस बाप एकच असो. टिंडलांनी पत्र उभ्यानेच वाचिले, मग बसून वाचिले, आणि मान्य आहे ऐसे एका ओळीचे उत्तर धाडिले. चूक आपली हे ते जाणून होते, म्हणोन शब्द पाळिला, पुन्हा लिहिले नाही. परंतु चेहरा विसरली एवढी अक्षरे उरात रुतून राहिली ती निघेनात.

मग त्या राज्यात टेलिव्हिजन म्हणोन पेटी घरोघर जाहली, आणि तीत विनोदी मालिका होऊ लागल्या, आणि एके दिवशी मालिकेच्या कचेरीत टिंडल बसले असता कारभारी सहज बोलिले की, या फिती हल्ली दक्षिणद्वीपी जातात, तेथील रयत संध्याकाळी जेवण आटोपून पाहते. टिंडल खुर्चीवरून उठून उभे राहिले. कारभाऱ्यांस वाटले, कंबर धरली. तेथून पुढे एकच नेम. काम घेऊन कोणी आले म्हणजे पहिला प्रश्न, हे दक्षिणद्वीपास जाईल काय. जाईल म्हटले तर दोन वाक्यांचा पोस्टमनही होत, चिखलात पडत, अंगावर लापशी सांडून घेत. न जाईल म्हटले तर नमस्कार करीत. रंगवणारा दाढी घेऊन आला तर त्याचा हात धरून म्हणत, तोंड झाकू नका. आणि मनात हिशेब चाले की, फीत पोचावयास दोन वर्षे लागतात, तर आज जे करितो ते नेल चौदावे वर्षी पाहील. आणि मग, हे ती अठरावे वर्षी पाहील. आणि मग, आता तिचे लग्न जाहले असेल, घरात पेटी असेल की नाही कोण जाणे. थोरल्या नाटकगृहाचे मुख्य स्वतः त्यांचे घरी चालून आले आणि बोलिले, "टिंडल, जन्मभर ज्याची वाट पाहावी ते काम आणिले आहे. सारी राजधानी उभी राहील." टिंडलांचे डोळे भरले, कारण काम खरेच तैसे होते. मग ते बोलिले, "नाटक समुद्र ओलांडत नाही, साहेब." मुख्यांस अर्थ कळला नाही. ते रागावून गेले, आणि नगरात बोलणे जाहले की, टिंडल पेटीत रमले, फुकट गेले. टिंडलांनी ते ऐकिले, आणि पुढील आठवड्यात रागीट फौजदार होऊन तळ्यात पडले.

ऐशी वर्षे लोटली. शके एकोणीसशे दहा, वैशाखमासी नेलबाईंचे पत्र आले. आई चैत्रात वारली, जाण्याआधी सर्व सांगितले, मी भेटीस येते, एवढाच मजकूर. टिंडल विमानतळी गेले. बाई चाळिशीच्या, केस वाऱ्याने विस्कटलेले, त्यांनी टिंडलांस गर्दीतून तत्काळ ओळखिले, परंतु काय म्हणोन हाक मारावी हे उभयतांस सुचेना, आणि म्हणोन चहाच्या दुकानात जाऊन बसले. बराच वेळ हवापाण्याचे बोलणे जाहले. मग नेलबाई म्हणाल्या, "दर बुधवारी तुम्ही आमच्या घरी यायचात. आम्ही भावंडे हसून लोळायचो. ह्यूबाबांना तर ठसका लागायचा."

टिंडलांनी कप खाली ठेविला आणि विचारिले, "आणि तुझी आई?"

"आई हातातले काम टाकून पेटीच्या अगदी जवळ, जमिनीवर बसायची. ती कधीच हसली नाही. आम्हाला वाटायचे, तिला विनोद कळत नाही. एकदा मी विचारलेही, हसत का नाहीस म्हणून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आज तो फार दमलेला दिसतो."

चहा निवाला, दुकानदाराने दुसरा आणून ठेविला, तोही निवाला. मग ते हळूच म्हणाले, "पुन्हा एकदा सांग." आणि नेलबाईंनी पुन्हा सांगितले.

सारांश, टिंडल यांनी चाळीस वर्षे चाकरी केली, नायक एकदाही जाहले नाहीत. त्याच साली मार्गशीर्षात कन्येसमवेत दक्षिणद्वीपास गेले. तेथे ह्यू सुतार, वय ऐंशी, त्यांनी आपल्या हातची खुर्ची हेस्तरबाईंचे थडग्यापाशी टिंडलांस आणून दिली आणि स्वतः शेजारी गवतात बसले, आणि ऊन उतरेतो दोघे म्हातारे तेथेच होते. पुढे काय बोलणे जाहले ते कोणी ऐकिले नाही, म्हणोन लिहिले नाही.