एकवीस घरांचा चीक

सुभेदार हंबीररावांची गाय व्यायच्या आधीच चीक कोणाला द्यायचा याची यादी तयार झाली होती. बावीस वर्षं पलटणीत काढलेला माणूस, यादीशिवाय त्यांना शिंकही येत नसे. गाय व्याली की शेजाऱ्यांना खरवसासाठी तांब्याभर चीक द्यायचा ही इस्लामपूरजवळच्या त्या गावाची रीतच होती. सुभेदारांनी मात्र एकवीस घरं धरली, आणि तीही मानाप्रमाणे, सरपंचांपासून खाली.

समोरच्या गुणमालाबाईंचं घर यादीत नव्हतं. त्या जैन, त्यांच्यात चीक चालत नाही. त्यांची म्हैस व्याली की सगळा चीक रेडकाच्या पोटात जायचा. मागच्या साली सुभेदार पारावर चारचौघांत म्हणाले होते, "लय चिंगूस घर गड्या! शेजारी कोरडा, आन् रेडकाला मेजवानी." ते बाईंच्या कानावर जायला संध्याकाळसुद्धा लागली नाही.

यंदा गाईला कालवड झाली आणि सुभेदारांच्या बायकोचे, राहीबाईंचे डोळे भरून आले. ही गाय त्यांच्या आईनं कवठे महांकाळहून पाठवलेली. आई गेली, आणि गाईला एकामागून एक चार गोऱ्हेच झाले. आईच्या गाईचा वंश चालायचा तो आता या कालवडीवर.

"आवं, तिला तरी पोटभर पिऊ द्या," त्या म्हणाल्या.

"येडी का काय? चीक जास्त झाला की वासरू हगवणीला लागतंय. दोन घोट बास!"

हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्यामुळे राहीबाई तांबे घासायला बसल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिळून एकवीस तांबे घरोघर पोचले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कालवड हगायला लागली. "दोन घोट बी जास्तच झालं," असं एकवीसही घरांनी खरवस चाखत सांगितलं. म्हणून सुभेदारांनी दूधही कमी केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कालवड उठेचना, मान टाकून पडून राहिली. राहीबाई गोठ्यातच बसून हमसून रडू लागल्या, आणि सुभेदारांनी सायकलवर माणूस पाठवून जनावरांचे डॉक्टर दादासो यांना बोलावलं.

डॉक्टरांनी कालवडीची पापणी उलटून पाहिली, कातडी चिमटीत धरून सोडली. "चीक किती पाजला?"

"दोन घोट," सुभेदार अभिमानानं म्हणाले.

डॉक्टर खाटेवर बसले. राहीबाईंनी डोळे पुसत, सवयीनं, त्यांच्यापुढे बशी ठेवली. तांब्या रिकामा परत करायचा नाही म्हणून सरपंचांच्या घरून त्यातून खरवसाच्या वड्या आल्या होत्या. डॉक्टरांनी एक वडी तोंडात टाकली.

"सुभेदार, पोटात शिरलेले जंतू हगवणीबरोबर वाहून जायला पाहिजेत, व्हय का न्हाई? पण जात नाहीत. ते अंगावर केस काढतात. मण्यामागं मणी लावत आतनं बाहेर ढकलायचे, की झाला केस. असे शंभर केस. धोतराला कुसळ धरतं तसे हे केस आतड्याला धरतात. मग कितीही पाणी वाहू द्या, गडी हलत नाही. तिथं बसून विष सोडतो."

"मंग तोडायचं कसं?"

"तोडायचं न्हाई, धरूच द्यायचं न्हाई. चिकात असं काही असतं की ते त्या केसांना आधीच गुंडाळून टाकतं." डॉक्टरांनी दुसरी वडी उचलली. "तेच तुम्ही गावाला वाटलं. आता मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा. आणि कुठनं तरी पहिल्या दिवसाचा चीक आणा. तुमच्या गाईचा चीक सरून आता साधं दूध उतरलंय. चीक पाजायला उशीरच झालाय, पण आतड्यातनं जाता जाता काही केस तरी बांधील. खरवस मात्र छान झालाय हो."

सुभेदार रिकामा तांब्या घेऊन यादीप्रमाणे निघाले. "चीक? आवं, कवाच संपला! वेलदोडा घालून लय ग्वाड झालता," हे त्यांनी एकवीस दारांत ऐकलं. एकविसाव्या दारात कोणीतरी म्हणालं, "गुणमालावैनींची म्हस काल सांजच्याला व्यालीया की."

सुभेदार समोरच्या दारात गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते खाली मान घालून उभे होते.

"वैनी, तांब्याभर चीक पायजे. पाया पडतो."

गुणमालाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आमच्यात आधी रेडकू पितंय. त्याचं पोट भरून उरला तर देईन. बसा."

सुभेदार बसले नाहीत. पलटणीत साहेबापुढे उभे राहत तसे रेडकापुढे उभे राहिले. रेडकू दोन घोट प्यायचं, थांबून सुभेदारांकडे बघायचं, आणि पुन्हा सावकाश तोंड लावायचं. गल्लीतली पोरं भिंतीवर चढून बसली. अर्ध्या तासानं रेडकू ढेकर दिल्यागत बाजूला झालं. गुणमालाबाईंनी तांब्या काठोकाठ भरून दिला, वर म्हणाल्या, "संध्याकाळी बी या. चिंगूस असलो तरी जिवाला न्हाई म्हणत न्हाई आमी."

सुभेदारांना एवढी लाज कधीच वाटली नव्हती. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ते रेडकापुढे हजर राहिले. पाचव्या दिवशी कालवड उठली आणि राहीबाईंचा पदर चघळू लागली. राहीबाई रडल्या, आणि सुभेदारही रडले.

पुढच्या साली गाय पुन्हा व्याली. गोठ्याच्या खांबावर यादी लागली. तिच्यात एकच नाव होतं: वासरू. दारात आलेले एकवीस तांबे रिकामे परत गेले, आणि पारावर सुभेदारांचं घर चिंगूस ठरलं.

दुपारी डॉक्टर दादासो 'सहज इकडनं चाललो होतो' म्हणत आले. पिशवीतून घासूनपुसून आणलेला डबा डोकावत होता.

"डॉक्टरसाहेब, बसा," सुभेदार गंभीरपणे म्हणाले. "वासराच्या पोटात दुश्मन शिरतोय. त्यो मण्यामागं मणी लावून अंगावर केस काढतोय..." त्यांनी केस, कुसळ, आतडं, सगळं क्रमानं सांगितलं. एकही मणी सोडला नाही.

"हे सगळं कुणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टर ओशाळून म्हणाले.

"तुमीच. खरवस खाता खाता."

डॉक्टरांनी डबा हळूच पिशवीत ढकलला. सुभेदारांनी आत हाक मारली, "अगं, डॉक्टरास्नी च्या आण. बिनदुधाचा."