शेवंतीचा पाट

अख्ख्या संगमेश्वर तालुक्यात जंतूशी बोलणारा आपण एकटाच, असं रंगनाथ खरवते छाती काढून सांगत. आणि लगेच कबूल करत, की बोलतो तो जंतूच, आपलं काम नुसतं ‘हं’ म्हणायचं.

जंतू त्यांच्या उजव्या अंगठ्यात राही. रंगनाथ मंगळसूत्रं ओवून देत. एकदा सुई आत गेली, अंगठा सुजला आणि तिसऱ्या दिवशी आतून कोणीतरी रीतसर नाव सांगितलं, शेवंती. (जंतूला कुठलं नाव, असं विचारणाऱ्यांनी आपलं कोणी ठेवलं ते आधी आठवावं.) अंगठा कानाशी धरला की स्पष्ट ऐकू येई.

डॉक्टरीणबाईंनी हे सगळं केसपेपरवर लिहून घेतलं आणि सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. “एक जरी चुकवलीत तर अंगठा कापावा लागेल. मग ओवा दातांनी.”

चौथ्या दिवशी सकाळी, गोळी तळहातावर असतानाच, शेवंतीने तक्रार नोंदवली.

“रंगनाथराव, तुमची कालची गोळी माझ्या पाटावर बसलीय.”

“बसू दे की. चहा पाज तिला.”

“थट्टा पुरे. कुठल्या मण्यामागे कुठला, ते आमच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं; तो मणी आला की आधी पाटावर टेकतो, मग मी ओवते. तिथंच ही बया ठाण मांडून! धड मारत नाही, धड उठत नाही. एकशे बारा मणी झालेत. अर्धी माळ हातात धरून बसलेय.”

“एवढं काय त्या माळेचं?”

“आमचं अंगच माळांचं. ही पुरी झाल्याशिवाय मला लेक होणार नाही.”

रंगनाथांनी गोळीकडे पाहिलं. “ही नाही गिळली, तर पाट मोकळा होईल?”

“उद्यापर्यंत.”

“आणि माझा अंगठा?”

“तो आम्ही खाऊ,” शेवंतीने प्रामाणिकपणे सांगितलं.

रंगनाथांनी गोळीवर मूठ मिटली. मग म्हणाले, “वाट बघायला शीक, बाई. आमची ही शेजारी बसून एकेक मणी माझ्या हातात देई. जाऊन अकरा वर्षं झाली. अजून माझा हात तिच्या बाजूला जातो, आणि तसाच राहतो. मी बघतोच ना वाट?”

“तुमची येणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझा मणी दारात उभा आहे, रंगनाथराव. मला दिसतोय.”