बांडीने घंटा काढली नाही

एका जंगलात, बाळांनो, बर्फच फार होता. झाडं कमी आणि डोंगर जास्त. पण गोष्टीला जंगल लागतं, म्हणून आपण जंगल म्हणायचं.

तिथं सगळं वेळेवर चालायचं. कोंबडा ठरल्या मिनिटाला आरवायचा. गोगलगाईला उशीर झाला तर तीसुद्धा माफी मागायची. फक्त गायींनी काही मागितलं, की ते पुढच्या वर्षी.

त्या जंगलाला राजा नव्हता. पंचायत होती. वर्षातून एकदा सगळे वळू माळावर जमायचे आणि घंटा वाजवून मत द्यायचे. ज्याच्या गळ्यात घंटा, त्याला मत. खडकावर तसा कायदाच कोरलेला होता.

आता गंमत ऐका. घंटा असायच्या गायींच्या गळ्यात. धुक्यात डोंगर चढून चरायला त्याच जायच्या. हरवल्या तर सापडाव्यात, म्हणून घंटा. वळू कुठले हरवायला? दिवसभर एका सावलीत लोळत पडलेले. मग मतदानाच्या सकाळी प्रत्येक गाय मान वाकवायची आणि आपली घंटा काढून नवऱ्याच्या गळ्यात घालायची. वर चाटून चकचकीत करून द्यायची.

त्यांत बांडी नावाची एक गाय होती.

गायींचा पाण्याचा हौद उताराच्या तळाशी होता. थंडीत उतार गोठायचा आणि दरवर्षी कुणीतरी घसरायचं. त्या वर्षी बांडीची कालवड घसरली. पाय मोडला.

बांडी नवऱ्याला म्हणाली, "अहो, हौद वर आणा म्हणून तेवढी घंटा वाजवा."

"वाजवतो की! माझी लेक नाही का ती?" तांबोजी वळू म्हणाला.

संध्याकाळी तो डुलत डुलत परत आला.

"झालं का हौदाचं?"

"अगं, विषय निघणारच होता. पण अंग घासायच्या खांबाला रंग कुठला द्यायचा, त्यातच दिवस गेला."

"मग?"

"हिरवा ठरला."

"आणि हौद?"

"पुढच्या वर्षी."

बांडीने रवंथ केलं. वर्षभर केलं.

पुढच्या मतदानाच्या आदल्या दिवशी चरता चरता ती बाकीच्या गायींना म्हणाली, "उद्या कुणी मान वाकवायची नाही."

"अगं बाई, घरचे किती ओरडतील!" मोरी गाय घाबरली.

"ओरडू दे. घसा बसेल त्यांचा. पाय तर नाही ना मोडणार?"

सकाळी तांबोजी मान पुढे करून उभा. "चल, घाल घंटा. उशीर होतोय."

"माझ्या गळ्यात बरी आहे."

"मग मी मत कशाने देऊ?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी निघाले मत द्यायला."

माळावर दाढेराव बोकड सरपंच होता. गायींची रांग बघून त्याची दाढी थरथरली.

"वहिनी, वाट चुकलात काय?"

"चुकायला काय झालं? गळ्यात घंटा आहे."

"पण गायींना राजकारणातलं काय कळतं?"

"हौदातलं कळतं. रंगातलं तुम्हाला कळतंच आहे."

दाढेरावाने खडकावरचा कायदा तीनदा वाचला. वळू हा शब्द कुठेच नव्हता. त्याने खडकाच्या मागेही जाऊन बघितलं.

वळूंनी माना हलवल्या. आवाजच नाही. तांबोजी तर तोंडानेच "ठण ठण" म्हणाला.

"तोंडाची घंटा धरत नाहीत," दाढेराव रडवेला होऊन म्हणाला. नियमाचा पक्का होता बिचारा.

हौद वर आणायचं ठरलं. शिवाय गायींनी घंटा वाजवून बांडीला पंचही केलं. त्या जंगलातली ही पहिली बाई पंच.

बातमी घ्यायला साळुंकी आली. "बाई, तुम्ही पंचायतीत बसणार, मग घरी यजमानांच्या चाऱ्याचं काय?"

"गवत जमिनीवर उगवतं. यजमानांना तोंड आहे."

पंचायतीत सहा वळू आधीच बसलेले. त्यांनी बांडीला वाऱ्याचं खातं दिलं. ते कुणालाच नको होतं.

"ते राहू द्या. हौद कधी आणायचा?" बांडीने विचारलं.

"बाई, घाई करून चालत नाही," एक जाडा पंच म्हणाला. "उतार खरंच निसरडा आहे का, हे आधी तपासावं लागेल. आम्ही सहा जण पाहणी करू. अहवाल पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी कशाला? आज बर्फ पडलाय. आजच करा."

सगळे उताराच्या टोकाला गेले. जाड्या पंचाने एक पाऊल टाकलं. म्हणाला, "बघा, काहीसुद्धा होत ना..."

आणि गेला. त्याला धरायला दुसरा वाकला, तोही गेला. मग तिसरा. शेवटचे तिघे एकमेकांच्या शेपट्या धरून गेले. हौदात सहा वळू, एकावर एक. पाणी थोडंच उरलं.

अहवाल तासाभरात आला. हौद त्याच आठवड्यात वर आला.

उद्घाटनाला जाड्या पंचाने पाटी लावली: 'वळूंच्या दूरदृष्टीचं फळ'. मग तो भाषणाला उभा राहिला. भाषण काही संपेना.

बांडीने पाटी वाचली. पण तोवर तिची कालवड लंगडत पुढे गेली होती आणि सपाट जमिनीवर उभी राहून पोटभर पाणी पीत होती. बांडीने भाषणाकडे पाठ केली आणि लेकीचं पिणं होईपर्यंत तिथंच उभी राहिली.

तात्पर्य: पुरुषांना बायकांचं दुःख कळत नाही, असं म्हणू नये. लगेच कळतं. फक्त त्यांना त्याच उतारावरून एकदा खाली सोडावं लागतं.