अर्जुनमामांचं बंद मशीन

अर्जुनमामांना ऐकू येतं ते पेचकसातून. मोटार दुरुस्तीला आली की पेचकसाचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "बेअरिंग रडून राहिलं." आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पंख्याचं आणि मिक्सरचं गाऱ्हाणं मामांनी असंच ऐकलंय. एकदा माझं पोट बिघडलं, तर त्यालाही पेचकस लावला. म्हणाले, "गुरुजी, लोड लई हाय. दोन दिस ताकावर ऱ्हावा." डॉक्टरनं पाच तपासण्या करून नेमकं हेच सांगितलं.

नांदेडला देगलूर नाक्याजवळ मामांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, वरून वार्निश पाजायचं आणि उन्हात वाळवायचं. शिरूर अनंतपाळपासून देगलूरपर्यंत जेवढ्या विहिरी आहेत, त्यांचं पाणी मामांच्याच हातानं वर आलंय, असं मी म्हणतो. लोक म्हणतात, गुरुजी फेकून राहिले. थोडं फेकतोही.

मामी गेल्या आणि मामांनी दुकान बंद केलं. मुलगा सिद्धार्थ पुण्याला नोकरीत. रविवारी त्याचा फोन यायचा. मी समोरच राहतो, दारं उघडी असतात, त्यामुळं तो फोन मला पाठ झाला होता.

"जेवलात का पप्पा?"

"जेवलो."

"गोळी घेतली?"

"घेतली."

"बरं, ठेवू?"

"ठेव."

एवढ्यात माझ्या चहातली साखरसुद्धा विरघळायची नाही.

एका रविवारी सिद्धार्थ म्हणाला, "पप्पा, दिवसभर भिंतीकडं बघत बसता. कॉम्प्युटर पाठवतो." मामांना हा अपमान वाटला. "तयार माल? मला? सुटं सामान पाठव. तुझ्या बापानं दहा हॉर्सपॉवरची मोटार डोळे झाकून भरलेली हाय!"

खोकी आली. मामांनी चटई अंथरली, नवरीचे दागिने मांडावेत तसं सामान मांडलं आणि मला उंबऱ्यावरच अडवलं. "लांबून बगा गुरुजी. बाळंतिणीची खोली समजा."

जोडणी पुरी झाली त्या दिवशी मी लातूरला एका लग्नात जिलबीचा समाचार घेत होतो. परत आलो तर बातमी तयार होती. मशीन चालू होईना! पंखे गरगर फिरतात, दिवे लुकलुकतात, पडदा मात्र माझ्या शाळेतल्या फळ्याहून काळा.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता सिद्धार्थचा व्हिडिओ कॉल सुरू झाला.

"पप्पा, रॅमची पट्टी काढा. ती लांबट, हिरवी. हां. आता परत बसवा. टक्कन आवाज आला?"

"आला."

"बटण दाबा."

"पंखे फिरून राहिले. चित्र न्हाई. का रं, तुझ्या खोलीवर पाणी येतं का टायमावर?"

"येतं. पप्पा, आई वांग्यात काय घालायची हो? माझं तसं होतच नाही."

"कारळं. भाजून. तू कच्चंच टाकून राहिला असशील."

आणि फोनमधून हसू यायचं. तासतासभर हे चालायचं. एकवीस दिवसांत त्या पट्टीनं जेवढ्या उठाबशा काढल्या, तेवढ्या माझ्या वर्गातल्या सगळ्यात द्वाड पोरानंही काढल्या नसतील. आणि नवल असं की, बंद मोटारीच्या सात पिढ्या उद्धरणारे मामा या मशीनला एक शिवी देत नव्हते. तिथंच मला शंका यायला हवी होती. पण मला हुशारीची खाज सुटली होती.

बाविसाव्या दिवशी मामा भाजीला गेले आणि मी बाळंतिणीच्या खोलीत घुसलो. एकवीस दिवस ऐकून धडा पाठ होता. पट्टी काढली. तिच्या सोनेरी दातांवर कसली तरी चकाकी होती. हुंगलं, तर वार्निश! वार्निश म्हणजे तांब्याचा रेनकोट. तो अंगावर असला की वीज इकडची तिकडं जात नाही. म्हटलं, हाताची सवय! उघडा धातू दिसला, पाजलं वार्निश. मामांच्याच फळीवरचं थिनर घेतलं, खोडरबरानं दात घासले, पट्टी बसवली, बटण दाबलं. पडदा उजळला! मी अशी आरोळी ठोकली की पार गुरुद्वाऱ्यावरची कबुतरं उडाली.

मामा आले. पडद्याकडं बघत राहिले. हातातली पिशवी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"चालू झालं," मी म्हणालो.

"हाव. चांगलं झालं."

सातला फोन आला. मामांच्या आधी मीच ओरडलो, "वार्निश होतं रे, वार्निश!" सिद्धार्थ खो खो हसला. "काय हो पप्पा! चला, सुटलात एकदाचे. बरं, ठेवू?"

"ठेव."

पुढचे तीन दिवस सात वाजले आणि नुसतेच वाजले. चौथ्या दिवशी मी गेलो. कॉम्प्युटर लख्ख चालू, आणि मामा त्याला पाठ करून मोबाइलकडं बघत बसलेले. तेव्हा कुठं माझ्या मास्तरी डोक्यात उजेड पडला. वार्निश खरवडल्याबिगर तारेला तार जोडायची नाही, हे ज्यानं जन्मभर पाळलं, तो माणूस हे विसरेल?

"मामा, ते वार्निश..."

"पयल्याच दिशी चालू झालं होतं, गुरुजी. पयल्या झटक्यात." मामा चटईची काडी उचकटत होते. "त्याला सांगायला फोन केला. त्यो घाईत होता. म्हणला, झालं का चालू? काय की, तोंडातून 'न्हाई' निघून गेलं. तर म्हणला, 'थांबा पप्पा, दार लावून येतो. निवांत बोलू.'"

मी त्यांच्या शेजारी चटईवर बसलो.

"एकडाव खोटं बोललो. रोज कसं बोलू? जमत न्हाई मला. मंग वार्निश लावलं. पंखे फिरतेत, चित्र न्हाई, हे खरंच होतं मंग."

खोटं मला जमतं. मी त्यांचा मोबाइल उचलून फोन लावला. "सिद्धार्थ, घात झाला रे! पत्ते खेळायला बसलो, काय दाबलं कोण जाणे, तुझं मशीन पार बंद पडलं!"

"काका! तुम्ही कशाला हात लावलात?" मग तिकडं दार लागल्याचा आवाज आला. "बरं, पप्पांना द्या. व्हिडिओ लावतो."

मामांच्या पाठीमागं पडदा ढळढळीत उजळलेला! मी प्लग ओढायला झेपावलो, तर मामांनी मनगट धरलं आणि मान हलवली. चालत्या मशीनचा प्लग ओढू देणं त्यांच्या जिवावर येत होतं. आणि ते रीतसर बंद कसं करतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. शेवटी मीच सदरा पसरून पडद्याला पाठ लावून उभा राहिलो. माझा देह त्या कामाला पुरून उरला.

"हं पप्पा, काय दिसतंय?"

"काईच दिसत न्हाई रे," चष्मा काढून हातात धरत मामा म्हणाले.

मी तासभर जागचा हललो नाही.