आधी जागा सांगा

करुणा गजभिये फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नाही. जय भीमही नंतर. आधी म्हणते, "जागा सांगा." पलीकडे तिचा सख्खा मामा असला तरी.

मामा नागपूरचे, आणि तापट.

"अवं, मी तुझा मामा बोलून राहिलो!"

"ते आवाजावरून समजलं, मामाजी. कुठून बोलून राहिले?"

"घरून!"

"कोणाच्या?"

यावर मामा फोन ठेवतात आणि करुणाच्या आईला लावून तक्रार करतात.

छत्तीसगडमधल्या भिलाईच्या सेक्टर सहामध्ये आमची क्वार्टर्स समोरासमोर आहेत. करुणाचा भाऊ स्टील प्लांटमध्ये, क्वार्टर त्याच्या नावावर. ती स्वतः आपत्कालीन कॉल घेणाऱ्या कक्षात काम करते. आग, अपघात, हार्ट अटॅक, जे काही असेल ते प्रथम तिच्या कानावर पडतं. तिथली सवय ती घरी घेऊन येते, एवढंच मी बरीच वर्षं समजत होतो.

एकदा तिला विचारलं, "ताई, स्टेशनवर गेलो होतो, तू दिसली नाहीस?" तर म्हणाली, "कोणतं स्टेशन? भिलाई नगर, पॉवर हाउस, का भिलाई तीन?" गल्लीतल्या कोणी फोनवर "इथूनच बोलतोय" म्हटलं की तिचं ठरलेलं उत्तर असतं: "'इथून' हे गाव कोणत्या नकाशात आहे, भाऊ?"

तिला बघायला कोहक्याहून एक मुलगा आला होता. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईने करुणाला सांगितलं, काही विचारायचं असेल तर विचार. करुणाने विचारलं, "तुमच्या घरी यायले शेवटचं वळण कोणतं?" मुलगा हसला. म्हणाला, लोकेशन पाठवतो. तो गेल्यावर करुणाने नकार कळवला. आई रडकुंडीला आली. "कावून वो? पोरगा इंजिनिअर आहे!"

"ज्याले आपल्या घराचं शेवटचं वळण सांगता येत नाही, त्याच्या घरी बिमार पडायची माझी हिंमत नाही."

ही गोष्ट मी आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत हसवायला सांगत असे. मग इंटरनेटवरच्या फोनांवर बातमी करायची म्हणून रीतसर परवानगी काढून एका दुपारी तिच्या कक्षात जाऊन बसलो. त्यानंतर सांगणं बंद केलं.

साध्या मोबाइलवरून मदतीला फोन केला की जवळचा टॉवर कळतो. इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनला टॉवर नसतो. कनेक्शन घेताना जो पत्ता लिहिला असेल, त्या गावच्या कक्षात कॉल जातो. माणूस दुसऱ्या राज्यात असला तरी.

त्या दुपारी तसाच कॉल आला. एक मुलगी घरी बसून महाराष्ट्रातल्या एका कंपनीचं काम करत होती. समोर वडील कोसळले. मोबाइलला नेटवर्क नव्हतं, म्हणून लॅपटॉपवरच्या ऑफिसच्या फोनवरून तिने मदत मागितली. कॉल गेला महाराष्ट्रात. तिथून तो इकडे वळवला गेला, आणि सोबत निरोप आला: भिलाई, सेक्टर तीन.

रुग्णवाहिका सेक्टर तीनच्या दिशेने निघालीसुद्धा. करुणा हिंदीत बोलत होती. पलीकडून रडणं, आणि मध्येच एक "बाबा, डोळे उघडा ना!" ते ऐकताच करुणा मराठीत आली.

"बाई, मी करुणाताई बोलून राहिली. बाबा श्वास घेऊन राहिले का?"

"घेऊन राहिले, पण बोलत नाहीत. लवकर पाठवा ना!"

"गाडी निघाली. जागा सांग."

"सांगितली ना! भिलाई तीन!"

करुणाचा हात हवेत थांबला. बाहेरच्या माणसाला यात फरक वाटणार नाही. भिलाई तीन हे वेगळं गाव आहे, सेक्टर तीनपासून बरंच दूर. महाराष्ट्रातल्या कक्षात कोणीतरी 'भिलाई, तीन' ऐकलं आणि मधला सेक्टर आपल्या पदरचा घातला. पण इथलीही मुलं घाईत सेक्टर गाळतात, म्हणून खात्री करणं भाग होतं. 'नक्की कुठं' असं विचारलं असतं तर मुलीने पुन्हा तेच दोन शब्द ओरडून सांगितले असते.

करुणाने विचारलं, "बाबा कुठं नोकरीले होते?"

मी चमकलो. माणूस जमिनीवर पडलाय आणि ही सोयरिकीचे प्रश्न विचारते आहे. मुलगीही क्षणभर रडायची थांबली.

"रेल्वेत."

"क्वार्टर रेल्वेचंच?"

"हो, भावाचं."

सेक्टरांमधली क्वार्टर्स प्लांटची; रेल्वेची आहेत ती भिलाई तीनला. करुणाने पहिली गाडी लगेच परत बोलावली नाही. भिलाई तीनच्या बाजूला उभी असलेली दुसरी गाडी सोडली आणि मगच पहिलीला थांबवलं. आवाज चढला नाही. मुलीला क्वार्टरचा नंबर आणि शेवटचं वळण विचारलं, दार उघडं ठेवायला सांगितलं, बाबांना कुशीवर कसं वळवायचं ते सांगितलं, आणि गाडीचा भोंगा फोनमधून आम्हा सगळ्यांना ऐकू येईपर्यंत तिला बोलतं ठेवलं. मग फोन कटला. करुणाने पाण्याचा घोट घेतला आणि पुढचा कॉल उचलला.

"त्यांचं काय झालं ते कळतं का?" मी निघताना विचारलं.

"नाही. आमाले कोणी सांगत नाही."

पुढे एका रविवारी सकाळी ती स्कूटर घेऊन दारात आली. "चाल भाऊ, भाजी आणू." आमच्या सेक्टरचा बाजार पायी जाण्यासारखा. स्कूटर मात्र थेट भिलाई तीनला गेली. भाजीवाल्यांच्या समोरून गेली. रेल्वे क्वार्टर्सच्या एका रांगेत, एका घरापासून थोडी अलीकडे थांबली.

अंगणात खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ लसूण सोलत होते. आत कोणाला तरी ओरडून सांगत होते की बिनसाखरेचा चहा हा चहा नसतो. आतून मुलीचा आवाज आला, "डॉक्टरले सांगा!"

करुणा स्कूटरवरून उतरली नाही. म्हाताऱ्यांचं लक्ष गेलं.

"कोण पाहिजे वो, बाई?"

ती गडबडली. तिला गडबडताना मी प्रथमच पाहत होतो.

"ते... मेश्राम कुठी राहतात, काका?"

"कोणते मेश्राम? गार्ड मेश्राम, का केबिनवाले? का तो कोंबड्या पाळते तो?"

"गार्ड," करुणा म्हणाली.

म्हातारे उठले. फाटकाशी आले. हात लांब करून सांगू लागले. हापशीपासून डावीकडे, मग बुद्ध विहाराच्या मागून, मग एक पडकी भिंत, ती मेश्रामनेच पाडली, परवानगी न घेता, त्यावरून केवढा राडा झाला. दम लागला की थांबत आणि पुन्हा सुरू करत. करुणा एकटक त्यांच्या तोंडाकडे पाहत ऐकत होती.

त्यांचं सांगून झालं. ते परत खुर्चीकडे वळले.

"काका," करुणा म्हणाली, "पुन्हा एकदा सांगता का?"

"ध्यान कुठी होतं तुमचं?" ते खेकसले, आणि हापशीपासून परत सांगू लागले.