चहा विचारून द्यायचा नसतो

घराच्या पुढच्या खोलीत स्पोकन इंग्लिशचा क्लास काढायचा, असं मी ठरवलं. अप्पांनी त्याच खोलीत तुरीची पोती ठेवायचं ठरवलं. (उदगीरला आमची दालमिल आहे. आमच्याकडे माणसांआधी पोत्यांची सोय बघतात.)

"शिकवता येतं का तुला?" अप्पा म्हणाले. "रविवारी कोइमतूरचा इंजिनिअर मशीन बसवायला येणार हाय. तुझ्या अव्वानं त्याला इंग्लिशमध्ये एक प्रश्न धड विचारला, तर खोली तुझी."

अव्वा, म्हणजे माझी आई सिद्धम्मा, सातवी शिकलेली. मी हट्टानं परातीपुढे बसले आणि भाकरीच मांडल्या.

"एकट्याला 'डज'. 'डज ही ड्रिंक टी?' चवड असली की 'डू'. 'डू दे ड्रिंक टी?' पण समोरच्याला 'डू यू'."

"एकटा असून डू?"

"पाहुण्याचा मान समज."

"मानाचं असंल तर ऱ्हातंय ध्यानात."

चार दिवसांत अव्वा पीठ मळतानाही 'डू यू ड्रिंक टी?' म्हणू लागली. मी क्लासची पाटीसुद्धा रंगवून आणली.

रविवारी इंजिनिअर येऊन बसला. मी खूण केली. अव्वा आत गेली ती थेट चहाच घेऊन आली.

"अव्वा, विचार ना!"

"आल्या माणसाला चहा विचारून देतेत का? आपलं काय हॉटेल हाय?"

अप्पा मिशीत हसले.

जेवताना मी दात आवळून कुजबुजले, "'डू यू वॉन्ट भाकरी?' एवढं तरी!"

"विचारलं की माणूस लाजून नको म्हणतंय." अव्वानं दुसरी भाकरी वाढली.

माझी खोली पोत्यांनी भरलेली मला दिसायला लागली. तिसऱ्या भाकरीला इंजिनिअरनं ताटावर आडवा हात धरला, आणि अव्वा खवळली. एक बोट वर करून म्हणाली, "डज युवर मदर नो, यू ईट सो लिटल?"

हे वाक्य मी शिकवलंच नव्हतं! इंजिनिअर "नो, मॅडम," म्हणाला आणि त्यानं मुकाट्यानं भाकरी घेतली. अप्पांनी खोलीची किल्ली काढून दिली.

सोमवारी गल्लीतल्या सात बायका आल्या. मी ऐटीत खडू उचलला.

"तू न्हाई ग," शेजारच्या केवळाबाई म्हणाल्या. "पाव्हण्याला तिसरी भाकरी खायला लावणारं इंग्लिश पायजे आमाला. सिद्धम्माला बोलीव."

आता पाटीवर नाव माझं आहे, खडू अव्वाच्या हातात आहे. मी रोज सात कप चहा करते.

कुणालाही न विचारता.