दिवसाचं कुलूप

कन्याशाळेचं कार्ड आलं आणि रुखमाची झोप उडाली, असं म्हणता आलं असतं. पण उडायला आधी झोप असावी लागते. धाकट्याला दहावा महिना चालू होता आणि त्या दहा महिन्यांत रुखमा सलग दोन तास कधी निजली नव्हती.

कार्डावर छापलं होतं की शाळेला पंचवीस वर्षं होत आहेत, स्मरणिका निघणार आहे, तरी माजी विद्यार्थिनींनी आयुष्यात काय मिळवलं ते चार ओळींत कळवावं. खाली पुष्पाच्या वळणदार अक्षरात 'नक्की पाठव' असं होतं. वर्गातली ही पुष्पा आता भंडाऱ्याला त्याच शाळेत शिक्षिका झाली होती. दुसरी एक नागपूरला नर्स होती, तिसरी डॉक्टरीणबाई म्हणवून घेई, कारण तिचा नवरा डॉक्टर होता. मॅट्रिकला रुखमाचे मार्क या तिघींपेक्षा जास्त होते.

मोहाडीच्या त्या घरात कार्ड आठवडाभर फळीवर हळदीच्या डब्याखाली पडून राहिलं. भात वैरताना रुखमा मनात ओळी जुळवी. पहिली ओळ लग्नाची, दुसरी मुलीची, तिसरी मुलाची. चौथ्या ओळीपाशी गाडी अडे.

"लिही ना, नवरा तहसीलीत हाय म्हणून," सेवकराम जेवता जेवता म्हणाला. तो तहसील कचेरीत कारकून होता. "दोन-तीन सालात हेडक्लार्क होईन, तेही लिहून टाक."

"ते तुमचं झालं जी. माह्यं काय?"

सेवकरामनं घास हातात धरून प्रामाणिकपणे विचार केला. "तुह्यं... तेच ना." मग घास तोंडात गेला आणि तो ओरडला, "भाजीत मीठ कुठी हाय? एवढं एक काम, तेही धड होत नाही!"

मधली भिंत मातीची होती. पलीकडे मनकर्णाबाईनं आपल्या नवऱ्याला हात करून चूप बसवलं आणि उरलेलं नीट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना रुखमाला चौथी ओळ अचानक सापडली. कोणी न उठवता, आपली आपण जाग येईपर्यंत एक दुपार झोपायचं. बस्स. नर्स, डॉक्टरीण आपल्या जागी. हे जमलं तर आपण जिंकलो.

दिवसही नेमका बाजाराचा निघाला. सासू गिरजाबाई चार वर्षांच्या नातीचं बोट धरून बाजारात गेली. आता प्रश्न दाराचा होता. दार उघडं ठेवलं तर गल्ली आत येई. आतून कडी लावली तर 'काहून वं, बरं नाही काय?' म्हणत तीच गल्ली कडी निघेपर्यंत दार ठोकत बसे. म्हणून रुखमानं माहेरचं पितळी कुलूप काढलं, पुढच्या दाराला बाहेरून घातलं, चावी कमरेला खोचली, आणि वळसा घालून सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, दारानं घरात शिरली आणि ते दार नुसतं लोटून घेतलं. धाकटा निजला होता. तिनं चटई टाकली, उशाशी पाण्याचा गडवा ठेवला, पाय लांब केले. डोळे मिटले. पापण्यांच्या आत गोड अंधार झाला.

तेवढ्यात मनकर्णाबाई विरजण मागायला आली.

"अगं माय! दिवसाचं कुलूप?"

त्या गल्लीत दिवसा कुलूप लागत नसे. ते पितळी कुलूप आजवर दोनदाच लागलं होतं. एकदा सासरे वारले तेव्हा सगळे घाटावर गेले होते, आणि एकदा दिघोरीच्या लग्नाला. दिवसाचं कुलूप म्हणजे मयत नाहीतर वऱ्हाड. मयत झालेलं नव्हतं, लग्नसराई संपली होती. उरली कालची भाजी.

"जनाबाई! वं जनाबाई! सेवकरामची बायको माहेरी गेली वं!"

जनाबाई समोरच्या घरातून पिठाच्या हातानं धावत आली. दोघींनी बाजूच्या कुडावरून सांदवाडीत डोकावून पाहिलं.

"लेकराचे लंगोट दोरीवरच हायेत."

"म्हंजे घाईनं गेली. बिचारीनं लंगोटही नाही नेले!"

आत रुखमा ताडकन उठून बसली. 'अवो, मी इथंच आहे' हे शब्द ओठापर्यंत आले आणि तिथंच थांबले. आत आहेस तर बाहेरून कुलूप कायले? याला एकच उत्तर होतं, की झोपायचं होतं. नवऱ्याशी भांडून माहेरी गेलेली सून गल्लीला समजत होती. दर उन्हाळ्यात एखादी जातच असे. धडधाकट असून दुपारी चटईवर पाय पसरलेली सून मात्र गल्लीला सात पिढ्या समजली नसती. रुखमा पुन्हा हळूच आडवी झाली. जातील थोड्या वेळानं, तिनं ठरवलं.

गेल्या नाहीत. मनकर्णाबाईनं आपला नवरा टेकचंद याला सायकलवर कचेरीत पिटाळलं. तोवर दारापुढे पंधरा-वीस माणसं जमली होती. कोणी म्हणालं, तुमसरच्या मोटारीत पाहिली. कोणी म्हणालं, ती नव्हे, तिच्यासारखी. मग एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला. "मी म्हंतो, एकदा इहिरीत तं पाहा गा."

चटईवर रुखमाचे डोळे टक्क उघडले. आता उठावंच, असं तिला वाटलं. पण आता उठणं मघापेक्षा दहा पट अवघड झालं होतं. विहिरीत शोधली जाणारी बाई चटईवरून उठून आली तर लोक तिला सोडतील?

विहिरीत गळ सोडला गेला. थोड्या वेळानं आरडाओरडा झाला. "लागलं! लागलं! वढा गा!"

वर आली ती मनकर्णाबाईची दोन वर्षांपूर्वी हरवलेली बादली. ती रुखमानंच पळवली, असं मनकर्णाबाई दोन वर्षं गावभर सांगत होती. बादलीकडे पाहून ती क्षणभर ओशाळली, मग म्हणाली, "मी कधीच म्हटलं नव्हतं. पोरगी चांगली होती वं."

'होती' ऐकून रुखमानं उशीत तोंड खुपसलं. हसू आवरेना.

इतक्यात सेवकराम आला. घामानं निथळत होता, कानावर पेन तसाच होता. कुलपाकडे पाहून तो ओट्यावर बसलाच. "मीच बोललो जी तिले. मिठासाठी बोललो."

"कायले बोलावं गा एवढं?" जनाबाई म्हणाली.

"चुकलं ना जी! मले तं माहा सदरा कुठी राह्यते तेही मालूम नाही. सकाळी हात लांबवतो, तं हातात येते." त्याचा आवाज फुटला. "हे घर तिच्यानंच चालते. मी निस्ता कचेरीत जातो."

रुखमा कोपरावर रेलून ऐकत होती. सहा वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं, तेही कुलपाच्या आडून. हे तोंडावर म्हणायला याला वीस माणसं आणि एक गळ लागतो तर.

"फोडा कुलूप," टेकचंद म्हणाला. "मागचं दार आतून लावलं असन. आत चिठ्ठी असन." कोणी पाट्याचा वरवंटा आणायला धावलं. धाकट्यानं आत चुळबुळ केली. तो रडला की संपलं. रुखमानं झटकन त्याला छातीशी घेतलं.

त्याच वेळी सांदवाडीचं दार कुरकुरलं. बाजारातून आली की गिरजाबाई नेहमी मागून येई, पाय धुऊन. डोक्यावरची टोपली तिनं उतरवली आणि सुनेला पाहिलं. चटई पाहिली, उशी पाहिली, कमरेची चावी पाहिली. पुढून वरवंटा आल्याचा गलका ऐकला.

"काय करून राहिली वं?"

"निजत होती, आत्याबाई."

या घरात गिरजाबाईची बत्तीस वर्षं झाली होती.

"लागली?"

"नाही ना जी. डोळा लागतच होता, तं मनकर्णाबाई आली."

"ते बाई तशीच हाय." गिरजाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, नातीचं बोट धरलं आणि वळसा घालून पुढच्या दारी गेली. "काहून गा, जत्रा कायची भरली? ठेव तो वरवंटा! सुनेले मीच धाडली गोदावरीबाईच्या घरी, बाळंतिणीले पाहाले. कुलूपही मीच लावाले सांगतलं. दिवस चोराचे हायेत."

"पण आई तं घरातच..." नात म्हणाली. गिरजाबाईनं तिच्या तोंडात मुरमुऱ्याचा लाडू कोंबला.

"सेवक्या, रडतं कायले? कचेरीत जा. मनकर्णे, बादली भेटली ना? घरी ने, आन गावात सांगजो की भेटली."

गल्ली नाइलाजानं पांगली. गिरजाबाई पुन्हा मागून आली आणि दारातूनच म्हणाली, "नीज. मी ओट्यावर बसतो. पाहातो कोण येते ते."

रुखमा निजली. सोनपिवळं ऊन भिंतीवरून वर चढून गेलं, धाकटा उठला तसा आजीनं मागून येऊन त्याला उचललं, विरजण मागायला दोघी येऊन परत गेल्या. तिला काही कळलं नाही. दिवे लागायच्या वेळी तिला आपली आपण जाग आली. चुलीवर भात शिजत होता.

सेवकराम जेवायला बसला. भाजी गिरजाबाईनं केली होती आणि ओट्यावर पहारा देण्याच्या नादात मीठ साफ विसरली होती. सेवकरामनं पहिला घास घेतला, बायकोकडे पाहिलं, गिळला.

"मस्त झाली," तो म्हणाला आणि आणखी वाढून घेतली.

जेवणं झाल्यावर रुखमानं हळदीच्या डब्याखालचं कार्ड काढलं. चार ओळींची जागा होती, तिनं एकच लिहिली: 'एक दुपार झोपले, कोणी उठवलं नाही.' वाचून पाहिली. खाडाखोड करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"काय लिहिलं?" गिरजाबाईनं विचारलं. रुखमानं वाचून दाखवलं. सासू 'हूं' म्हणाली आणि तांदळाचं सूप ओढून निवडत बसली. बऱ्याच वेळानं, मान वर न करता, तिनं विचारलं, "येत्या बाजाराले कोण जाईन?"

"तुम्हीच ना जी, नेहमीसारख्या."

"नाही. तू जाजो. दोन्ही लेकरं ने." तिनं तांदळातला एक खडा काढून दूर फेकला. "आन जाताना कुलूप लावजो. बाहेरून."